वजन गेले, कातडी राहिली

वजन उतरवलेल्या माणसाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवण्याची पद्धत पडली आहे. त्यांतील नंतरच्या छायाचित्रात माणूस बहुतेक वेळा अंगभर कपड्यांत असतो. मीही तसाच असतो. १२६ किलोंवरून ७८ वर आलेला, पन्नाशी ओलांडलेला, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेला गृहस्थ म्हणून फोंड्याच्या बाजारात लोक मला थांबवून शाबासकी देतात आणि ती मी आनंदाने घेतो. शर्टाच्या आत काय आहे ते त्यांना ठाऊक नसते. बेंबीखाली पोटाची कातडी दुमडून लोंबते, दंड हलवला की त्याखालचे मांस नसलेले कातडे मागाहून हलते, छाती ओघळलेली आहे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला चुण्या पडल्या आहेत.

गोव्यातल्या हिंदू घरात पुरुषाला हे फार काळ झाकून ठेवता येत नाही. चवथीला घरच्या गणपतीसमोर, वर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली यजमान सोवळे नेसून उघड्या अंगाने पूजेला बसतो आणि मागे सारे कुटुंब बसलेले असते. लठ्ठ होतो तेव्हा मला याचा संकोच कधी वाटला नव्हता, कारण पोट सुटलेला यजमान ही आमच्याकडे सवयीची गोष्ट. वजन उतरल्यानंतरच्या पहिल्या चवथीला मात्र मी उपरणे खांद्यांवरून लपेटून बसलो होतो. आचमनाला हात पुढे केला की ते घसरे आणि भटजी मंत्र थांबवून माझी वाट पाहत. तेवढ्यात भावाच्या धाकट्या मुलाने माझ्या दंडाची कातडी दोन बोटांत धरून ओढली आणि विचारले, “काका, यातला हात कुठे गेला?” सगळे हसले. ऐंशी पार केलेली काकी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, “अरे बाबू, उशीतला कापूस काढला म्हणून अभ्रा लहान होतो काय?”

वैद्यकशास्त्र याहून वेगळे सांगत नाही. त्वचेला ताकद देणारे कोलॅजन आणि ताणल्यावर पूर्ववत होण्याचा गुण देणारे इलॅस्टिन ही दोन प्रथिने तिच्या आतल्या थरात असतात. त्यांपैकी इलॅस्टिन मुख्यतः बालपणी व वाढीच्या वयात तयार होते; पुढे त्याचे धागे तुटले की शरीर ते नीट नव्याने विणत नाही. लठ्ठपणा किती वर्षे टिकला, किती किलो उतरले, वय काय, धूम्रपान होते का, उन्हात किती काम केले आणि आईवडिलांकडून कशी त्वचा मिळाली, यांवर ती किती आवळणार हे ठरते. पंचविशीतल्या मुलाचे आठ-दहा किलो गेले तर त्वचा बरीचशी सावरते; वीस वर्षे ताणलेल्या माझ्या पोटाकडून तशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. ‘हळूहळू उतरवले असते तर असे झाले नसते’ असे मला अधिकारवाणीने सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की मी काही महिन्यांत नव्हे, वर्षांमध्ये वजन उतरवले आहे.

चरबीच्या पेशींचीही गोष्ट मनोरंजक आहे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ साली, शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे या पेशींचे वय काढले. प्रौढ माणसात वजन बरेच घटले तरी त्यांची संख्या जवळपास तेवढीच राहते, त्या फक्त आक्रसतात, असे त्यांना आढळले. म्हणजे माझ्या अंगात जुने बिऱ्हाड अजून आहेच, फक्त उपाशी आहे. बाकीचे बदल किरकोळ, पण रोज भेटणारे: देवळाच्या दगडी फरशीवर बसले की बुडाची हाडे टोचतात, पंख्याखाली थंडी वाजते, आणि अरुंद दारातून जाताना शरीर अजून सवयीने आडवे वळते.

खरा त्रास दिसण्याचा नव्हे, पावसाळ्याचा आहे. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्या दिवसांत दोरीवरचा टॉवेलही वाळत नाही, मग पोटाच्या घडीतील घाम कुठून वाळणार? तिथे लाल चट्टा उठतो, आग होते, बुरशीचा संसर्ग होतो. आंघोळीनंतर घडी उचलून आतला भाग न घासता टिपून कोरडा करणे, घडीत मऊ सुती कापड ठेवणे आणि बनियन दिवसातून दोनदा बदलणे, एवढ्यावर माझे बरेच भागते. औषधाच्या दुकानात सहज हातात पडणारी, बुरशीनाशकात स्टिरॉइड मिसळलेली मलमे त्वचारोगतज्ज्ञाने मला स्पष्ट शब्दांत वर्ज्य सांगितली, कारण त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते आणि संसर्ग मात्र पसरतो. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली ती याच कारणाने.

त्वचा घट्ट करण्याचा दावा करणाऱ्या क्रीमवर मी पैसे घालवत नाही. एवढी सैल कातडी वरून चोळून आवळत नाही. वजने उचलण्याच्या व्यायामाने दंड व मांड्या थोड्या भरतात, पण पोटाच्या घडीवर त्याचा परिणाम नगण्य. फर्मागुडीचा चढ चढताना ती घडी हिंदकळू नये म्हणून मी घट्ट विणीचा बनियन घालतो.

‘आपल्या शरीरावर प्रेम करा’ हा उपदेश मला मानवत नाही. ही कातडी मला आवडत नाही आणि आवडली पाहिजे असेही वाटत नाही. रोज तिला उचलून, पुसून, कोरडे करून ठेवता ठेवता तिची शिसारी मात्र गेली, आणि स्वीकार म्हणतात तो मला तरी आरशासमोर न मिळता असा न्हाणीघरात मिळाला. गेल्या चवथीला मी उपरणे कमरेला गुंडाळून पूजा केली. पुतण्याने या खेपेस लाडवांकडे लक्ष दिले.

राहिली शस्त्रक्रिया. पोटाची जादा कातडी काढता येते, त्यासाठी वजन निदान सहा महिने स्थिर असावे लागते, आणि कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहतो. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या अपवादांत केवळ रूप बदलण्यासाठीचे उपचार आरोग्य विम्याबाहेर आहेत. आरोग्याला थेट व तातडीचा धोका असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले तर गोष्ट वेगळी. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: काळजी घेऊनही येत्या पावसाळ्यात चट्टे वरचेवर उठत राहिले, तर पोटासाठी शल्यचिकित्सकाला भेटायचे, नाहीतर नाही. दंडांचे ठरून गेले आहे. काखेपासून कोपरापर्यंत व्रण घेऊन ते आवळून घेण्याची मला हौस नाही, आणि शिंप्याकडून अर्ध्या बाह्यांचे शर्टच शिवून घेतले आहेत, कारण गोव्याच्या मे महिन्यात पूर्ण बाह्या घालून फिरणे हे त्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त त्रासाचे आहे.