१ मेचा निकाल आणि घरची तारीख

मैदान, घंटा आणि गुरुजींची छडी यांवर शाळेच्या या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी लिहितोय १ मेच्या निकालाबद्दल. झेंडावंदन आटोपलं की वर्गात प्रगतिपुस्तकं वाटली जायची आणि आपण घरी पळत सुटायचो. त्यामागचं काम वर्गशिक्षक झाल्यावर कळतं. शाळेतून बाहेर पडून शिक्षक झालेल्या आमच्यापैकी ज्यांच्या बायकोला यंदा डॉक्टरांनी बाळंतपणाची मे महिन्यातली तारीख दिली आहे, त्यांच्यासाठी तर हे काम घरापर्यंत येऊन पोचतं.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १० ऑगस्ट असेल, तर सात दिवस मिळवून तीन महिने मागे यायचं: १७ मे. पण नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं थोडीच. ३७ आठवडे भरले की बाळंतपण कधीही होऊ शकतं, म्हणजे इथे २६ एप्रिलपासून. २०२५ साली पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं झाली. २५ एप्रिलला शेवटचा पेपर आणि १ मेला निकाल. दोन्ही घाई एकाच आठवड्यात! केंद्रीय विद्यालयातल्या शिक्षकाला १५ दिवसांची पितृत्व रजा असते. आपल्याकडचा शिक्षक बहुधा किरकोळ रजा आणि उन्हाळी सुटी जोडून भागवतो. म्हणून मुख्याध्यापकांना मार्चमध्येच सांगून ठेवावं आणि निकालपत्रक अशा अवस्थेत ठेवावं की दुसऱ्या कुणालाही ते पुरं करता येईल. आकारिकचे, म्हणजे वर्षभरातल्या तोंडी-प्रात्यक्षिक कामाचे, गुण ३१ मार्चपर्यंत शाईनं चढवलेले, हजेरीची महिनावार बेरीज झालेली, प्रगतिपुस्तकाचं पहिलं पान भरलेलं, कपाटाची किल्ली कार्यालयात.

गुण चढवताना एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, ही जुनी पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची. सर्वात वाईट चूक ओळ सरकण्याची. वर्षाच्या मध्ये दाखला नेलेल्या मुलाची ओळ रिकामी सोडायची असते. तिथे पुढच्याचे गुण पडले की खालचे सगळे एकेक घर वर सरकतात. बेरजेत हे सापडत नाही, कारण विषयाची एकूण बेरीज तीच राहते. खूण एकच, शेवटच्या मुलाचं घर रिकामं दिसतं. म्हणून पहिला, शेवटचा आणि रिकाम्या ओळीनंतरचा, एवढ्या तिघांच्या उत्तरपत्रिका काढून पडताळायच्या. पुरवण्यांचे गुण बेरजेत धरायचे राहणं आणि गैरहजर मुलाला शून्य देणं, या दोन चुका नेहमीच्याच.

पाचवी आणि आठवीचे वर्ग असतील तर काम इथे संपत नाही. पास व्हायला दर विषयात पाचवीला ५० पैकी १८, आठवीला ६० पैकी २१ गुण लागतात. कमी पडले तर सवलतीचे गुण बघायचे, तरीही राहिला तर निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा. त्या मुलाला मेमध्ये कोण शिकवणार, हे निकालाच्या दिवशीच ठरवून पालकाला सांगावं.

खरी कसोटी ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्याची. ‘अभ्यासात सातत्य हवे’ हे तयार वाक्य चाळीस पुस्तकांवर उतरवलेलं असतं, आणि ते वाचून कुठल्याही बापाला सुटीत काय करायचं ते कळत नाही. ५०३ वजा २४७ याचं उत्तर मूल २६६ लिहितं. शतकाकडून उसना आणलेल्या दहांतला एक एककाला दिल्यावर नऊ उरतात, हे त्याच्या लक्षात येत नाही. तेवढंच लिहावं: ‘मध्ये शून्य असलेली वजाबाकी चुकते, रोज पाच गणितं सोडवून घ्यावीत.’ उद्या आपल्या हातात असं पुस्तक पडणार आहे, एवढं डोक्यात ठेवलं तरी तयार वाक्य लिहायला हात धजत नाही.

राहिला जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या कायमच्या नोंदवहीचा, विषय. गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं उघडा, पानोपानी जन्मतारीख १ जून! घरात नोंद नाही आणि वय तर बसायला हवं, म्हणून गुरुजींनी घातलेली तारीख. तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अंकी आणि अक्षरी उतरते, आणि एकदा शाळा सुटली की ती बदलणं फार जिकिरीचं होतं. आता तशी सोयही उरली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखलाच लागतो.

तेव्हा होणाऱ्या बापानं बारशाच्या आधी जन्माची नोंद बघावी. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते; पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर सासुरवाडीच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. २१ दिवसांच्या आत फी नाही, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे प्रतिज्ञापत्र आणि परवानगी. दवाखान्यातला अर्ज बहुतेक वेळा मामा नाहीतर आजी भरते, आणि आईचं नाव तिच्या आधारवरून उतरवलं जातं. आधार माहेरच्या नावाचं आणि बाकी कागद सासरच्या नावाचे, असं असलं तर पहिलीच्या प्रवेशाला तंटा ठरलेला. सही करण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं स्वतः वाचावीत, ऱ्हस्वदीर्घासकट. नाव ठरलं नसेल तर नोंद अडवून ठेवू नये. ते वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव कागदोपत्री बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं आहे. आपल्या हजेरीपटाच्या सवयीनं आईला गाळून बापाचं नाव लिहून बसू नका. आणि सहा वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पुरी व्हावी लागतात, त्यामुळे २०२६ च्या मेमध्ये जन्मलेलं मूल २०३२ च्या जूनमध्ये पहिलीत बसेल.