एसटीने नाणेघाट: कोकणातून चढून जुन्नरकडे

घाटवाट चालायची असेल तर स्वतःची गाडी घरीच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. गाडी पायथ्याशी लावली की दिवस कितीही छान गेला तरी शेवटी तिच्याकडेच परत यावं लागतं, म्हणजे चढलो त्याच वाटेने उतरणं आलं. घाटवाटा तर कोकण आणि देश जोडण्यासाठीच झाल्या. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला निघालं की ती वाट खरी कळते. ही मोकळीक एसटी देते.

नाणेघाट आम्ही तसाच केला. कल्याणहून एसटीने पायथा, घाट चढून वर घाटघर गाव, तिथून पुन्हा एसटीने जुन्नर. सोपारा, कल्याण या बंदरांवर उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे आणि पुढे माळशेज घाटातून आळेफाटा किंवा नगरकडे जाणारी कुठलीही साधी गाडी चालते. साधीच बघा, जलद गाड्या अधल्यामधल्या थांब्यांवर थांबतीलच असं नाही. चढताचढताच कंडक्टरला विचारावं, ‘नाणेघाटाच्या पायथ्याला उतरवणार ना?’ तो हो म्हणाला तरच बसावं. पायथा वैशाखरे गावाच्या थोडा पुढे, हायवेला उजव्या हाताला आहे. वैशाखरे मागे पडलं की दाराजवळ येऊन उभं राहा. नानाचा अंगठा हा सुळक्यासारखा पुढे आलेला कडा दुरूनच दिसायला लागतो, त्यामुळे जागा चुकत नाही. तिकीट यूपीआयने काढता येतं, पण रेंज गेली की मशीन अडतं. सुटे पैसे खिशात हवेतच.

निघायचं पहाटेच्या गाडीने. सह्याद्रीची कोकणाकडची भिंत पश्चिमेला तोंड करून उभी आहे, त्यामुळे सकाळी सगळा चढ डोंगराच्या सावलीत असतो. आम्ही अर्ध्याहून अधिक चढलो तरी ऊन अंगावर आलं नव्हतं. दुपारी हाच चढ माणसाला पार वाळवून टाकतो. याच कारणासाठी मी कोकणातून देशाकडे ही दिशा सुचवतो. उलट दिशेने आलात तर दिवसाच्या शेवटी हायवेच्या कडेला, अंधारात हात दाखवत उभं राहावं लागेल, आणि ते धोक्याचं आहे.

सुरुवातीची वाट झाडीतून, दोन-तीन ओढे ओलांडत आरामात जाते. मग चढ लागतो आणि दगडी बांधणी दिसायला लागते. कुठे नुसते रचलेले धोंडे, कुठे नीट पायऱ्या. लादलेले बैल इथून चढत असतील हे लक्षात आलं की पायऱ्यांची रुंदी आणि वळणं वेगळ्याच नजरेने बघितली जातात. मध्यम गतीने अडीच-तीन तास धरा. पाणी माणशी तीन लिटर पायथ्यापासूनच घ्या. वर कातळात कोरलेली टाकी आहेत, पण ते पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावं.

घाटमाथ्याच्या किंचित खाली सातवाहनांची कोरीव गुहा येते. इथे घाई करू नका, अख्ख्या वाटेवर सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा हीच. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्याशी तो जोडला जातो. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची त्यात नोंद आहे: गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी. हे आकडे अंकांत कोरलेले असल्यामुळे भारतातल्या अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला फार मोठं स्थान आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता जेमतेम पायांचे अवशेष उरलेत, पण वर कोरलेली नावं वाचता येतात. पहिलं नाव सिमुकाचं, सातवाहन घराण्याच्या मूळपुरुषाचं. ज्या वाटेवर जकात गोळा व्हायची तिथेच राजघराण्याने आपली ओळख कोरून ठेवली, आणि येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी तिच्यासमोरून गेला. भिंतीला हात लावू नका. अक्षरं झिजत चालली आहेत आणि त्यांवर खरवडलेली आजची नावं बघून जीव तुटतो.

गुहेवरची अरुंद खिंड ओलांडली की दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. समोर जीवधन किल्ला आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. जीवधन त्याच दिवशी जोडायचा मोह होतो. तो टाळावा, कारण गाडी चुकते.

ही शेवटची गाडीच सगळा बेत ठरवते. कल्याण–माळशेज रस्त्यावर गाड्यांची कमी नाही, घाटघर–जुन्नर मार्गावर मात्र मोजक्याच फेऱ्या. म्हणून आधी घाटघरची परतीची वेळ पक्की करायची आणि तिच्यापासून उलटं मोजत कल्याणची गाडी निवडायची. वेळ आदल्या दिवशी जुन्नर स्टँडच्या चौकशी खिडकीवर फोन करून विचारा आणि वर पोचल्यावर गावातल्या माणसालाही विचारा. दोन्हींत फरक निघाला तर गावकऱ्यावर भरवसा ठेवा, कारण तो रोज त्याच गाडीची वाट बघतो. आडगावच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेवर चालतात. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या बंद असू शकतात. आषाढीला गाड्या पंढरपूरकडे वळवल्या जातात, तेव्हाही आधी खात्री करा.

माथ्यापासून गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, तासभर हाताशी ठेवून निघा. आम्ही गाडीच्या बऱ्याच आधी पोचलो, आणि तो वेळ गावातल्या आजींकडून भातकापणीच्या गोष्टी ऐकण्यात फार छान गेला. गाडी चुकलीच तर जीप मिळतेय का बघावं, नाहीतर गावात मुक्कामाची विचारणा करावी. त्या तयारीने एक पांघरूण आणि बॅटरी सॅकमध्ये असलेली बरी.

जुन्नरपर्यंतचा प्रवास खिडकीत बसून करा. चावंडचा किल्ला, माणिकडोह धरणाचं पाणी आणि शेवटी शिवनेरी. जुन्नरहून पुण्याला किंवा नारायणगावला गाड्या मिळतात. कल्याणची गाडी माळशेजमार्गे जाते, म्हणजे सकाळी जिथे उतरलो त्याच पायथ्यावरून.

पावसाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, मी ही वाट सुचवणार नाही. वाऱ्याने उलटे उडणारे धबधबे बघायला माथ्यावर गाड्यांची रांग लागते, एसटी त्यात अडकते आणि पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

हीच पद्धत हरिश्चंद्रगडालाही लागू पडते. कल्याण–आळेफाटा गाडीने खुबी फाट्याला उतरायचं, धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर, तोलार खिंडीतून गड आणि उतरायचं पाचनईला. पाचनईहून राजूरकडे जाणाऱ्या गाडीची वेळ आधी विचारा, आणि गडावर मुक्काम करून सकाळीच खाली या.