बांध नसलेलं रान : सस्कॅचेवानची सुगी

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात रिजायना शहरातून मूस जॉक गावाकडे निघालो आणि थोड्याच वेळात माझी नजर बांध शोधायला लागली. बांध कुठेच नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिकलेलं रान थेट आभाळाला जाऊन भिडलेलं.

कॅनडाच्या या प्रेअरीत, म्हणजे सपाट गवताळ मैदानी मुलखात, जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे. एक चौकोन, म्हणजे एक सेक्शन, 640 एकरांचा. 1872 च्या कायद्याने त्याचा चौथा हिस्सा, 160 एकर, दहा डॉलर फी भरून वसाहतकऱ्याला मिळायचा. त्याआधी ही भूमी क्री आणि इतर मूळ रहिवाशांची होती, हे विसरून या शेतांकडे बघणं मला जमत नाही. आज इथलं सरासरी शेत सतराशे एकरांच्या वर आहे. आपल्या महाराष्ट्रात सरासरी खातं जेमतेम सव्वातीन एकरांचं.

ज्यांच्याकडे उतरलो, त्यांचा ड्युरम गहू, म्हणजे आपला बन्सी, कापणीला आला होता. शिवाय मसूर. इथली मसूर बोटीने भारतात येते. आपल्या आमटीतही ती असणार. सकाळी काम सुरूच होईना, कारण ओंब्यांवर दव होतं. मालकांनी चार दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, एक दाताखाली फोडला. मग ओलावा मोजायच्या यंत्रात मूठभर घातले. गव्हाला साडेचौदा टक्क्यांपर्यंत चालतं, त्यावर गेला की ओला. दुपारी बारानंतर आकडा उतरला आणि कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीचं अजस्र यंत्र, हललं.

चाळीस फुटांची पात! कापणी, मळणी, उफणणी सगळं त्याच्या पोटात. धान्याची गाडी शेजारून धावत येते, कम्बाइन न थांबता रास तिच्यात ओततो. हजारो एकरांची सुगी अशी तीन माणसं उरकतात: मालक, त्यांची मुलगी आणि ट्रकवाला.

वाटेतल्या गावात शाळा बंद, दुकान बंद. रुळांशेजारी एक लाकडी एलिव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार, तेवढा उभा. 1930 च्या दशकात कॅनडाच्या प्रेअरीत असे साडेपाच हजारांवर होते. आता दूरदूरच्या काँक्रीटच्या कोठारांतून रेल्वेच्या लांबलचक गाड्या व्हॅंकूवर बंदराकडे धान्य नेतात. शेतं मोठी होत गेली तसतशी घरं उठली. मला त्या गावात फार गलबलून आलं.

रात्री कम्बाइनच्या केबिनमध्ये मालकांनी विचारलं, “तुमच्याकडे सुगीला किती माणसं लागायची?”

“माझ्या लहानपणी वीस-पंचवीस. विळे घेऊन.”

“आणि त्यांचं जेवण?”

“आजी आणि दोन्ही काकू. पहाटेपासून भाकरी थापायच्या.”

ते बराच वेळ समोरच्या उजेडातल्या गव्हाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माझी आजीही करायची. मळणीवाल्यांसाठी.”