सर, टर्बो घेऊ का सुपरचार्जर?

आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो म्हटलं की लोक लग्नात, मयतीत, बाजारात, कुठेही गाठून गाडीचं विचारतात. आधी प्रश्न एवढाच असायचा की डिझेल घेऊ का पेट्रोल. आता पोरं मोबाइलवर व्हिडिओ पाहतात, त्यामुळे प्रश्नही बदलला. परवा दारव्ह्याच्या बाजारात एकाने मेथीची जुडी हातात धरूनच मला अडवलं. "सर, रोजच्या गाडीले टर्बो बरा का सुपरचार्जर?" बाजारात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून बसून लिहितोय.

आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात मी दोन वस्तू जपून ठेवल्या आहेत. एक भंगारातून आणलेला दोन लोबचा ब्लोअर, म्हणजे आत दोन फुगीर पाती एकमेकांत फिरवून हवा ढकलणारा पंप. सुपरचार्जरची एक जात हीच. गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यात काम केलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही, पावडर पाइपातून ढकलायला असेच ब्लोअर लागतात. दुसरा एक मेलेला टर्बो. तो कोणाच्या गाडीचा ते पुढे येईलच. पोराला म्हणतो, ब्लोअरची पुली हाताने फिरव आणि दुसरा हात त्याच्या तोंडाशी धर. अर्धा फेरा व्हायच्या आत हवेचा धपका तळहातावर बसतो. मग टर्बोच्या एका चाकावर एअर गनने हवा मारायला लावतो. चाक आधी आळोखेपिळोखे देतं, मग भिरभिरतं, आणि तेव्हा कुठे पलीकडच्या तोंडातून हवा यायला लागते. (चांगल्या टर्बोवर हे करून पाहू नका. तेलाविना फिरवला की त्याचे बेअरिंग जातात.)

दोघांचंही काम चुलीच्या फुंकणीचं. इंजिन स्वतःच्या दमाने ओढून ओढून जेवढी हवा घेईल, त्यापेक्षा जास्त कोंबायची, म्हणजे तेवढं जास्त इंधन जाळता येतं. फरक एवढाच की फुंकणारा कोण. सुपरचार्जर इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन फिरलं, त्याच क्षणी तोही फिरला. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर फिरतो. आधी धूर व्हावा लागतो, मग त्याला जोर येतो. लोबचा ब्लोअर तर गाड्यांपेक्षाही जुना. अमेरिकेतल्या रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. धुरावर चालणाऱ्या फुंकणीचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूची या इंजिनिअरने १९०५ मध्ये घेतलं.

मनातलं सांगायचं तर मला सुपरचार्जरच आवडतो. एका जिनिंगवाल्याने सेकंडहँड मर्सिडीज घेतली होती, सी २०० कॉम्प्रेसर. तिच्यात एकदाच बसलो. दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी कमी वेगात त्याने पाय दाबला, आणि गाडीने वाटच पाहायला लावली नाही. पाय आणि चाक यांच्यामध्ये कोणी मध्यस्थच नव्हता. पंपावर डिझेल भरायच्या रांगेतल्या एका पोराने मागे लिहिलेलं 'कॉम्प्रेसर' वाचलं आणि विचारलं, "शेठ, फुटाचा काय रेट?" आपल्याकडे कॉम्प्रेसर म्हणजे बोअर मारायची गाडी. पोराचं तसं फार चुकलंही नव्हतं. बोअरच्या गाडीवरचा स्क्रू कॉम्प्रेसर आणि सुपरचार्जरची एक जात ही सख्खी भावंडं आहेत.

पण आवड वेगळी आणि खरेदी वेगळी. आज तालुक्याच्या माणसाच्या खिशात बसणाऱ्या कोणत्याही नव्या गाडीत सुपरचार्जर मिळत नाही. पट्ट्यावर फिरणारा गडी इंजिनाच्याच ताटातला घास खातो, म्हणून ॲव्हरेज पडतं. टर्बो मात्र वाया जाणाऱ्यावर जगतो. टाकीत टाकलेल्या इंधनाची जवळपास एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे बाहेर जाते, त्यातलीच थोडी तो उचलतो. अगदी फुकट नाही, धुराच्या वाटेत तो अडसर होतोच, पण स्वस्तात पडतो. त्यात आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाडीत पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की कर कमी लागतो. मग कंपन्या हजार-बाराशे सीसीलाच टर्बो लावून मोठ्या इंजिनाचं काम करून घेतात. डिझेलमध्ये तर टर्बो नसलेली नवी कार आता सापडायची नाही.

"मंग बाहेरून बसवून घेऊ का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नको. साध्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, आधीच दहा-अकराच्या आसपास असतं. त्यात आणखी हवा कोंबली की ठिणगीने लावलेली आग पोचायची वाट न पाहताच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटतं, ठकठक होते, आणि एक दिवस पिस्टन फुटतो. ते टाळायचं तर पिस्टन, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), क्लच सगळं बदला. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात लिहिलेल्या गाडीत मनाने असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे ठणकावलं आहे. अपघात झाला की विमावाला पहिल्यांदा बॉनेट उघडून पाहील.

तेव्हा विचारायचं ते असं, की माझ्या रस्त्यावर टर्बो जागा तरी होतो का? स्विफ्ट डिझेलसारख्या गाड्यांत वर्षानुवर्षं गाजलेलं ते १२४८ सीसीचं इंजिन आठवा. त्याचा पूर्ण जोर दोन हजार आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे झाले की यायचा. त्याच्या खाली गाडी चिखलात बसलेल्या बैलासारखी, आणि वर गेली की दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखी. आता पांदण रस्ता घ्या. पुढे कापसाची बंडी, दोन्ही बाजूंना तुरी, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये बाराशे-चौदाशे आरपीएमवर. तिथे टर्बो झोपलेलाच असतो. नव्या छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये काही गाड्यांत जोर पंधराशेलाच येतो, म्हणून तिथे त्रास कमी. शोरूममध्ये हॉर्सपॉवर नका विचारू. टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, किती आरपीएमला मिळतो ते विचारा, आणि टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नको, गल्लीतल्या चढावर घ्या.

ज्याचं रोजचं जाणं गावातून फाट्यावर सहा किलोमीटर आणि परत, त्याने साधं बिनटर्बोचं पेट्रोल घ्यावं. इंजिन धड तापतही नाही, टर्बोचे पैसे कशाला? जो रोज तीस-चाळीस किलोमीटर जातो, महिन्यातून दोनदा कारंज्याहून समृद्धीवर चढून नागपूर गाठतो, त्याने टर्बोच घ्यावा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ऊन. मे महिन्यातली ४५ अंशांची हवा डिसेंबरच्या पहाटेच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ असते. ती टर्बोने पावणेदोन पट दाबली की शंभर अंशांच्या वर जाते. लोबचा सुपरचार्जर तर तिला याहून जास्त तापवतो. ती गरम हवा थंड करून इंजिनाला द्यायला पुढे इंटरकूलर असतो, रेडिएटरसारख्या बारीक जाळीचा. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या रस्त्यांवर काय उडत असतं? कापूस. जिनिंगच्या गेटसमोरून रोज जाणाऱ्या गाडीचा इंटरकूलर मी उघडला, तर समोर गोधडीच होती. मालक म्हणत होता पिकअप गेलं, टर्बो गेला. टर्बो ठणठणीत होता. ब्रशने कापूस काढला, उलट बाजूने हलक्या हवेने जाळी फुंकली, गाडी पूर्ववत. मोसम संपला की एवढं करून घ्या. एअर फिल्टर तर सोयाबीनच्या मळणीनंतर एकदा आणि कापसानंतर पुन्हा पाहायचाच, कंपनीचं पुस्तक काही म्हणो.

आता त्या मेलेल्या टर्बोचं. तो माझ्याच गाडीचा.

टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं, छोटं असेल तर दोन लाखांच्या घरात. इतक्या वेगात दांडा धातूवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. आणि माझ्या स्वतःच्या डिझेल गाडीचं ऑइल दहा हजारांऐवजी सतरा हजारांवर गेलं होतं. वरून सवय अशी की समृद्धीवर १२० ने यायचं, उतरलं की पहिल्या चहाच्या टपरीवर खटकन किल्ली फिरवायची. इंजिन थांबलं की तेलाचा पंप थांबतो. लालबुंद तापलेल्या टर्बोत उरलेलं तेल जागेवरच जळून कोळसा होतं आणि पाइप आतून बुजत जातो. सकाळी निळसर धूर दिसायचा, एक शिट्टीही यायची. डॉक्टर स्वतःचं बीपी पाहत नाही, तसं झालं.

त्या दिवशी सासरे शेजारी बसले होते. कारंज्याहून दारव्ह्याकडे येत होतो. अचानक पाय काढला तरी गाडी धावतच राहिली. बाजूला घ्यायला क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराची भिंत. कशीबशी कडेला थांबवली, न्यूट्रल केली, किल्ली काढून मामाजींच्या हातात दिली. इंजिन चालूच. टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल हवेबरोबर ओढून जाळत होतं, त्याला डिझेलची गरजच उरली नव्हती. मामाजी एकदा किल्लीकडे पाहत, एकदा बॉनेटकडे. "किल्ली त माह्या हातात हाये, मंग हे काहून चालून राह्यली?"

पाचवा गिअर टाकला, ब्रेकवर उभाच राहिलो आणि क्लच एकदम सोडला. गाडी आडव्या पडणाऱ्या म्हशीसारखी हादरली आणि थांबली. मॅन्युअल डिझेलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा, हा इलाज वेळेवर सुचत नाही. इंजिन वाचलं. टर्बोच्या बिलात मात्र त्या मोसमातला पाच क्विंटल कापूस गेला.

तेव्हापासून ऑइल आठ हजारांवर बदलतो, पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं. आणि जोरात पळवून आणली की बंद करण्याआधी मिनिटभर जागेवर चालू ठेवतो. नव्या पेट्रोल टर्बोंना बहुतेक पाण्याची थंडाईही असते, त्यांना एवढं जपावं लागत नाही, पण मिनिटाचं पेट्रोल ते किती जाणार?

हे मिनिट मामाजींनी आता आपल्या ताब्यात घेतलं आहे. बाजूला बसले असले की दारात गाडी थांबताच माझा हात धरतात, "थांबा जवाईबापू," आणि मोठ्याने साठपर्यंत मोजतात. मध्येच रस्त्याने जाणारा कोणी "रामराम आबाजी" म्हणतो, त्यांना थांबून "रामराम" म्हणावंच लागतं, आणि मग ते पुन्हा एकपासून सुरू करतात.