उंदराच्या मेंदूचा एक घन मिलिमीटर

उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा काढणाऱ्या मायक्रॉन्स प्रकल्पाचं काम तीन ठिकाणी वाटलेलं होतं. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात उंदराला चित्रफिती दाखवून, पेशी सक्रिय झाली की दिसणाऱ्या कॅल्शियमच्या चमकेवरून दृष्टीच्या भागातल्या सुमारे ७५,००० चेतापेशींची सक्रियता टिपली. मेंदूचा तोच घन मिलिमीटरचा तुकडा सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तिथे त्याचे जवळपास २८,००० काप झाले, जेमतेम ४० नॅनोमीटर जाडीचे. प्रिन्स्टन विद्यापीठाने या कापांच्या छायाचित्रांतून पेशींचे त्रिमितीय आकार जुळवले.

खरी कसोटी इथेच लागते. लागोपाठचे काप खराब झाले की बारीक अक्षतंतू (चेतापेशीचा संदेश पुढे नेणारा लांब धागा) मध्येच तुटलेला दिसतो. पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, पुसट आलं की संगणक दोन पेशींना एकच समजतो. ही दुसरी चूक माझ्या मते जास्त घातक, कारण तिच्यातून मुळात नसलेल्या जोडण्या नकाशात शिरतात. म्हणूनच माणसांनी एकेक तंतू डोळ्यांखालून घालणं अजून टळलेलं नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशात ५० कोटींहून अधिक चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्या, आहेत!