जुलाब लिहिलेली फाइल

जळगावातल्या एका खासगी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मी फाइलींना कोड लावते. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीतला कोड द्यायचा, एवढंच काम. पण तोच कोड विम्याच्या कागदावर जातो आणि दवाखान्याच्या आजारांच्या हिशेबातही.

मे महिन्यातली दुपार होती. फाइल आली ती चोपड्याकडच्या सत्तरीच्या एका आजींची. दाखल करतानाच्या कागदावर ‘चार दिवसांपासून जुलाब’ आणि डिस्चार्ज कार्डावर ‘बद्धकोष्ठता’. एकाच बाईला दोन्ही कसं? खाली मुलगा कॅशलेससाठी खोळंबला होता. इन्शुरन्स डेस्कवरून दोनदा फोन आला, “मॅडम, के५९.० टाकून मोकळ्या व्हा ना.”

के५९.० म्हणजे नुसती बद्धकोष्ठता. पहिल्या कागदावर विसंबून ए०९ टाकला असता तर आजी संसर्गाच्या जुलाबांत मोजल्या गेल्या असत्या. मी दोन्ही टाकले नाहीत, नर्सिंगची पानं उघडली. रात्री दोन एनिमे, उपयोग नाही. सकाळी हलकी भूल देऊन बोटाने मळाचे खडे काढले. साध्या बद्धकोष्ठतेला भूल कोण देतं?

वॉर्डात जाऊन सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, खाली खडा घट्ट बसला ना, की वरचं पातळ त्याच्या कडेनं झिरपत राहतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत.” मुलाने मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. चुकीचा शब्द फाइलीत यायच्या आधी घरात आला होता, आणि त्याने दुखणं वाढवलं होतं.

आजी कॉटवर टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेले तशा हळूच म्हणाल्या, “अकरा रोज व्हई ग्यात वं माय. पन सूनले कसं सांगू? लाज वाटस.” अकरा दिवस पोट साफ झालं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. संडास अंगणाच्या टोकाला. वॉकर घेऊन तिथवर जायला नको म्हणून पाणीच कमी प्यायच्या, तेही जळगावच्या उन्हाळ्यात. आणि दुखतं म्हणून एक गोळी रोज. मुलाने पिशवीतून पाकीट काढलं : ट्रामाडॉल. थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी चालूच राहिली होती. अफूच्या जातीतल्या या वेदनाशामकांनी आतड्याची हालचाल मंदावते, हे मला कोडिंगच्या कोर्समध्येच शिकवलं होतं. पण फाइलीत त्या गोळीचं नाव कुठेच नव्हतं.

इथे माझा हात थांबतो, आणि थांबायलाच हवा. सिस्टरांच्या नोंदीवरून किंवा गोळीच्या पाकिटावरून निदान ठरवायचा अधिकार कोडरला नाही. जे डॉक्टर लिहितील त्यालाच कोड. म्हणून लेखी क्वेरी, म्हणजे निदानाचा खुलासा मागणारा प्रश्न, केली, सोबत नर्सिंगचं पान आणि पाकीट घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले. ओपीडी भरलेली, तरी सरांनी सगळं वाचलं. आजींकडे पुन्हा जाऊन आले, मग कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिलं : मळाचा खडा अडकणे, वेदनाशामकाचा दुष्परिणाम. गोळी बदलली.

मुख्य कोड के५६.४, म्हणजे मळाचा खडा अडकणे, जोडीला वाय४५.०. हा दुसरा कोड अशा वेदनाशामकांच्या दुष्परिणामाचा. आमच्या कोर्समध्ये या यादीची अमेरिकेतली आवृत्ती शिकवली होती. तिच्यात औषधाने झालेल्या बद्धकोष्ठतेला के५९.०३ असा वेगळाच कोड आहे. आपल्या यादीत कारण असं दुसऱ्या कोडनेच दाखवावं लागतं. तो लावला नाही तर आजींच्या पोटाला काय झालं ते कळतं, कशाने झालं ते कळत नाही. घाईत हाच कोड सुटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

यात दीड तास गेला. मुलगा चिडलेला असेल असं वाटलं होतं. कागद द्यायला खाली गेले तर त्याने बिलाचं काहीच विचारलं नाही.

“ताई,” तो म्हणाला, “ती कमोडची खुर्ची कुठे मिळेल? मायच्या खोलीतच ठेवतो.”

मी त्याला समोरच्या मेडिकलपर्यंत घेऊन गेले.