माठ कोणी आणायचा?

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि आधी आठवला तो नववी 'ब'च्या दाराशी तिवईवर असलेला पाण्याचा माठ. 1981चा जून. कुणाचा तरी धक्का लागून तो फुटला, आणि त्याच आठवड्यात इतिहासाच्या बाईंनी फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा घेतला.

बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. "माठ कोणी आणायचा ते आज ठरवू," म्हणाल्या आणि बावन्न जणांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या बाकावरचे दोघे धर्मगुरू. त्यांच्या मागचे आम्ही चौघे उमराव. उरलेले सेहेचाळीस तिसरा वर्ग. मी दुसऱ्या बाकावर होतो तो हुशार म्हणून नव्हे, मागून फळा दिसत नसे म्हणून. पण उमराव झाल्याचा आनंद लपत नव्हता. मतदान झालं. धर्मगुरू म्हणाले, माठ तिसऱ्या वर्गाने आणावा. आम्हीही तेच म्हणालो. तिसऱ्या वर्गाने अर्थातच नकार दिला. बाईंनी फळ्यावर लिहिलं: दोन विरुद्ध एक. माठ मागच्या बाकांवर.

मागे जो गलका उठला तो शेजारच्या वर्गाने ऐकला असणार. "सेहेचाळीस डोकी आहेत आमची!" बाई शांतपणे म्हणाल्या, "डोकी मोजायचीच नाहीत. वर्गाला एक मत. पॅरिसजवळच्या व्हर्सायला 5 मे 1789 रोजी इस्टेट्स जनरल, म्हणजे या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरली, तेव्हा भांडण याचंच होतं."

मग त्या मागे गेल्या. चौदाव्या लुईने 1682 साली दरबार व्हर्सायला हलवला आणि सरदारांना गावोगावच्या गढ्यांतून उठवून आपल्या डोळ्यांसमोर आणून बसवलं. राजाचा सदरा कोणी हातात द्यायचा यावरून त्यांच्यात चुरस. इस्टेट्स जनरल 1614 नंतर भरलीच नव्हती. राजांना कुणाला विचारावंसं वाटलंच नाही. सोळाव्या लुईला ती बोलवावी लागली, कारण तिजोरीत खडखडाट होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांवर सूड उगवताना कर्ज एवढं चढलं, की 1788 साली खर्चाचा निम्मा पैसा कर्जफेड आणि व्याजातच जात होता. कराचं ओझं मात्र मुख्यतः तिसऱ्या वर्गावर. त्यात मिठावरचा कर. "आपल्याकडे दांडी झाली ती कशावरून?" एवढंच विचारून बाई पुढे गेल्या.

20 जूनला तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी आले तर सभागृहाला कुलूप, बाहेर पाऊस. ते जवळच्या टेनिसच्या शेडमध्ये शिरले आणि राज्यघटना झाल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली. आमच्या शाळेत टेनिस कुठलं! बाईंनी सेहेचाळीस जणांना सायकलींच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि हात पुढे करून शपथ घ्यायला लावली. आम्ही सहा जण रिकाम्या वर्गात बसलो होतो. खिडकीतून आवाज येत होता. उमरावपणाची मजा तिथेच संपली.

बास्तीय, म्हणजे पॅरिसच्या लोकांनी फोडलेला तुरुंग, बाईंनी दोन वाक्यांत उरकला: आत कैदी अवघे सात, आणि 14 जुलैच्या रकान्यात राजाने लिहिलं, 'काही नाही'. शिकारीची वही होती ती. त्या दिवशी शिकार मिळाली नव्हती. "त्या दिवशी पुण्याच्या गादीवर सवाई माधवराव होते. वय पंधरा. तुमच्याएवढे." सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

दहशतीच्या पर्वाला, म्हणजे गिलोटीनच्या दिवसांना, मात्र त्यांनी अख्खा तास दिला. फळ्यावर एकाखाली एक नावं लिहिली: लुई, मारी आंत्वानेत, बायी, दांतों, रोबेस्पिएर. मग तारीख म्हणायची आणि डस्टर फिरवायचा. 21 जानेवारी 1793, लुई गेला. बायी म्हणजे शेडमधल्या शपथेचा अध्यक्ष. तोही त्याच नोव्हेंबरात गेला. 28 जुलै 1794ला रोबेस्पिएर पुसला गेला, तेव्हा फळ्यावर पांढरे फराटे आणि बाईंच्या पदरावर खडूची भुकटी. कुणी हसलं नाही.

नेपोलियनसाठी त्यांनी काहीच केलं नाही, नुसत्या गप्प बसल्या. पाच मिनिटांत वर्गाचा बाजार झाला. मग विचारलं, "मॉनिटर हवा का? कायमचा?" सगळ्यांनी एकच नाव घेतलं: आमच्यातला सर्वांत दांडगा, कबड्डीचा कॅप्टन. हात वर करा म्हटल्यावर एक्कावन्न हात वर. मागच्या बाकांचेही. ज्यांनी सकाळी शेडमध्ये शपथ घेतली त्यांचेही. आता बाई खऱ्या हसल्या. "1804 साली सम्राट हवा का म्हणून फ्रान्सला विचारलं. पस्तीस लाखांहून जास्त 'हो'. 'नाही' अडीच हजारांच्या आसपास." 2 डिसेंबरला नोत्र दामला पोपसमोर नेपोलियनने मुकुट स्वतःच्याच हाताने डोक्यावर ठेवला.

बावन्नावा हात होता खिडकीजवळच्या एका मुलीचा. तो खालीच. "का गं?" बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "बाई, त्याने माझी भूगोलाची वही नेलीय. अजून दिली नाही."

पुढे माझी मुलगी फ्रान्सला शिकायला गेली म्हणून व्हर्सायला जाणं झालं. राजवाड्यातल्या 73 मीटर लांबीच्या आरसे महालातून सगळे फिरतात तसे आम्हीही गर्दीत ढकलले गेलो. मला मात्र ती टेनिसची शेड बघायची होती. ती राजवाड्यापासून थोडी दूर, साध्या गल्लीत आहे. बंदिस्त, उंच भिंतींची, चांगली मोठी खोली. सायकली ठेवायला उत्तम. भिंतीवर शपथेचं भलंमोठं चित्र, दाविद या चित्रकाराच्या आराखड्यावरून काढलेलं. दाविदला ते स्वतः पुरं करता आलं नाही; चित्रातलेच लोक एकमेकांच्या जिवावर उठले. त्याने स्वतः राजाच्या मृत्यूच्या बाजूने मत दिलं, आणि पुढे सम्राटाच्या राज्याभिषेकाचं चित्रही त्यानेच रंगवलं. त्यात सम्राटाची आई कौतुकाने बघत बसलीय. प्रत्यक्षात ती आलीच नव्हती.

शपथेच्या चित्रात सगळे हात पुढे आहेत. उजव्या कोपऱ्यात एक जण तेवढा छातीशी हात घट्ट आवळून बसलाय. मार्तें-दोश त्याचं नाव. राजाच्या संमतीशिवाय शपथ नाही म्हणाला, आणि सहीपुढे 'विरोधी' असं लिहून मोकळा झाला. लोक अंगावर धावून आले तेव्हा बायीनेच त्याला वाचवलं. मी त्याच्यासमोर इतका वेळ उभा राहिलो की मुलगी कंटाळून बाहेर जाऊन बसली.

माठ शेवटी बाईंनीच पदरच्या पैशाने आणला. आमचा सम्राट पुढे एसटीत कंडक्टर झाला आणि परवा निवृत्त झाला. मेळाव्याला येणार असल्याचा त्याचा फोन आला. खिडकीजवळची मुलगीही येणार आहे म्हणे. वही मिळाली का, ते विचारायचं आहे.